हे खरे आहे काय?

तळेगाव दाभाड्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न ऐकावा लागतो : "गावात की स्टेशनला?" दोन पर्याय समोर आहेत, एक निवडायचा. पण नव्या माणसाचा फ्लॅट असतो सोमाटणे फाट्याकडे नाहीतर वराळ्याच्या रस्त्याला, म्हणजे धड गावातही नाही आणि धड स्टेशनलाही नाही. तो बिचारा प्रामाणिकपणे खाणाखुणा सांगू लागतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. कारण त्याला पत्ता नकोच असतो. सेनापती दाभाड्यांचे जुने गाव एकीकडे आणि रेल्वेच्या आधाराने वाढलेली स्टेशनची वस्ती दुसरीकडे, ही तळेगावची जुनी वाटणी. समोरचा माणूस कुठल्या बाजूला घालायचा एवढेच त्याला ठरवायचे असते आणि तिसरी बाजू त्याच्या हिशेबात नाही. "म्हणजे स्टेशनच की!" असा निकाल तो स्वतःच देतो आणि "भाड्याने की स्वतःचा?" या दुसऱ्या फेरीकडे वळतो.

दोन पर्याय पुढे करून तिसरा झाकून ठेवणारा हा प्रश्न तर्कशास्त्राच्या मास्तरांपुढे गेला तर मार खाईल. व्याकरणाच्या मास्तरांपुढे मात्र तो निर्दोष सुटतो. विचारणाऱ्याच्या पोटात काय आहे याच्याशी व्याकरणाला कर्तव्य नाही. विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी अशी वाक्यांची वर्गवारी करताना विद्यार्थी तर फक्त शेवटचे चिन्ह पाहतो. ते चिन्हही तसे अलीकडचे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी राज्ये चालवली, तह केले, वसुलीचे तगादे लावले, पण एक प्रश्नचिन्ह म्हणून काढले नाही. मराठीत विरामचिन्हे रुजवली ती मेजर थॉमस कँडी या साहेबाने. त्याची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. त्याआधी शतकानुशतके मराठी माणूस बिनचिन्हाचे प्रश्न विचारत होता आणि ज्याला झोंबायचे त्याला ते बरोबर झोंबत होते.

खरे काम चिन्ह करत नाही, 'का' करतो. "आलास का?" म्हटले की पाहुणा सुखावतो, "का आलास?" म्हटले की तोच पाहुणा पिशवी न उतरवता परत फिरतो. शेवटी 'ना' लावला की उत्तर काय द्यायचे तेही प्रश्नातच येते : "राहणार ना आज?" आणि "निघणार ना आज?" या दोहोंचे उत्तर "हो"च द्यायचे असते, हे मराठी पाहुण्याला कोणी शिकवावे लागत नाही.

शाळेने या बाबतीत एकच उपयोगी गोष्ट शिकवली आहे, ती म्हणजे वाक्यरूपांतर. "कोणाला आपला देश आवडत नाही?" याचे विधानार्थी वाक्य करा. मुले निमूटपणे "प्रत्येकाला आपला देश आवडतो" असे लिहितात आणि गुण घेतात. हा प्रश्न कधी प्रश्न नव्हताच, हे कबूल करण्याबद्दलचे ते गुण. तीच मुले रात्री उशिरा घरी येतात, दारात वडील विचारतात, "घड्याळात किती वाजलेत?" आणि दहावीला मराठीत उत्तम गुण मिळवलेला मुलगा सांगतो, "साडेअकरा." वाक्यरूपांतराचा सराव परीक्षेपुरताच केला की असे होते.

कधीकधी मात्र अशा बिनउत्तराच्या प्रश्नालाही कोणीतरी भाबडेपणाने उत्तर देऊन बसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरत होते. त्या पैशांतून स्वदेशी उद्योग काढायचा होता. "एका पैशात काय होणार?" हा त्यांच्यापुढचा उघड प्रश्न. वाक्यरूपांतर केले तर "एका पैशात काहीही होत नाही". काळ्यांनी तो प्रश्न खराच प्रश्न आहे असे धरले. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. व्याकरणाच्या पुस्तकात उदाहरण म्हणून घ्यावा असा हा प्रसंग आहे, पण पुस्तकवाले अजून देश आवडण्यातच अडकले आहेत.

प्रश्नांचा खरा अभ्यास करायचा तर सकाळची पुण्याकडे जाणारी लोणावळा लोकल गाठावी. गाडी तळेगावात येते तोवर कामशेत, कान्हे आणि वडगावकरांनी जागा धरलेल्या असतात. आत शिरलेला माणूस बसलेल्यांवरून एक नजर फिरवतो आणि खिडकीजवळच्याला विचारतो, "देहू रोड का?" त्याला देहू रोडबद्दल कसलेही कुतूहल नसते. बसलेला माणूस "आकुर्डी" म्हणतो. "आकुर्डी ना?" उभा माणूस पुन्हा विचारतो. हा दुसरा प्रश्न म्हणजे आरक्षण. आता घोरवाडी, बेगडेवाडी जाईल, माणसे चढतील, पण ती जागा कोणाची हे आसपासच्या सगळ्यांना कळलेले असते. या व्यवहारात एक बारकावा आहे : विचारणारा नेहमी जवळच्या स्टेशनापासून सुरुवात करतो. "शिवाजीनगर का?" असे पहिल्यांदा कोणी विचारत नाही, तो आशावादाचा अपमान होईल. आणि "कुठं उतरणार?" असा मोकळा प्रश्न विचारणारा माणूस नवखा समजावा, त्याला "पुणे" हे उत्तर मिळते आणि तो पुण्यापर्यंत उभा राहतो.

तर्कशास्त्राला या सगळ्यात रस नाही. अकरावीला कला शाखेत तर्कशास्त्र घेतलेल्या मुलांना सुरुवातीलाच सांगितले जाते की, जे खरे किंवा खोटे असू शकते तेच विधान. प्रश्न, आज्ञा, इच्छा यांना दारातूनच रजा. "पाऊस पडतोय" हे खरे किंवा खोटे ठरते. "पाऊस पडतोय का?" हे खरेही नाही आणि खोटेही नाही. मुले हे पाठ करतात आणि विसरतात. पण ज्यांनी तर्कशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नाही, त्यांनी या नियमातला मोठा फायदा केव्हाच हेरलेला आहे : जे खोटे ठरूच शकत नाही, त्याचा पुरावा मागता येत नाही.

म्हणून सोसायटीच्या बाकावर विधाने जवळजवळ होतच नाहीत. "तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या सुनेनं नोकरी सोडली म्हणे, खरं का?" यात 'म्हणे' ही एक कडी आणि 'खरं का' ही दुसरी. वाक्य दोन्हीकडून बंद. उद्या सूनबाई स्वतः समोर उभ्या राहिल्या तरी म्हणता येते, "अहो, मी तर नुसतं विचारलं." आणि नुसते विचारलेले संध्याकाळपर्यंत चार इमारतींत पोचते, वाटेत कुठेतरी 'खरं का' गळून पडते.

न्यायालयाला ही युक्ती ठाऊक असल्यामुळे तिथे तिला कुंपण घातलेले आहे. तळेगावकराला दिवाणी-फौजदारी कामासाठी शेजारच्या वडगाव मावळला जावे लागते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १४१ ने सूचक प्रश्नाची व्याख्या केली : विचारणाऱ्याला जे उत्तर हवे आहे ते सुचवणारा प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत तो विचारू लागले आणि समोरच्या वकिलाने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय चालत नाही. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला उलटतपासणीत मात्र खुशाल विचारावा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तत्त्व तेच राहिले. हा नियम घराला लावला तर किती संसार बंद पडतील याचा विचार करवत नाही. "तुला माझ्या आईचं बोलणं लागलं नाही ना?" हा सरतपासणीतला सूचक प्रश्न आहे आणि हरकत घ्यायला वकील हजर नाही.

उलटतपासणीचा एक अव्वल नमुना याच वडगावात घडलेला आहे, तोही न्यायालय येण्याच्या कितीतरी आधी. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज जानेवारी १७७९ मध्ये तळेगावापर्यंत आली. पुणे अठरा मैलांवर राहिले होते, पण गाव जळालेले, दाणागोटा नाही आणि सभोवार मराठी घोडदळ. फौजेवर सेनापती होताच, शिवाय मोहिमेची एक समितीही होती. समिती असली की "पुढे जायचे की मागे?" हा प्रश्न चर्चेला येतोच. समितीने मागे जायचे ठरवले. जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि रातोरात माघार सुरू झाली. वडगावापाशी मराठ्यांनी त्यांना कोंडले.

तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा इंग्रजांचा वकील फार्मर याने समितीच्या वतीने सांगितले की, वरिष्ठ सरकारच्या मंजुरीशिवाय तह करण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यावर महादजी शिंद्यांनी जे विचारले ते ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवले आहे. त्याचा मतलब असा : मग कर्नल अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कुठला, तो दाखवा. अप्टनचा तह म्हणजे १७७६ चा पुरंदरचा. अधिकार नाही म्हणावे तर तह मोडला तो बेकायदा. आहे म्हणावे तर मग आत्ताच सही करा. इकडे आड, तिकडे विहीर. मराठीत तेव्हा प्रश्नचिन्ह आलेले नव्हते, पण साहेबाला प्रश्न कळायला त्यामुळे अडचण आल्याचे दिसत नाही. तह झाला. पुढे मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही सरकारांनी तो नाकारला, आणि कारण दिले ते हेच, की समितीला अधिकार नव्हता.

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतले एक 'विक्षेप' : वाद अंगाशी येतोसे दिसताच "मला जरा दुसरे काम आहे" म्हणून उठून जाणे. तोफा तळ्यात टाकून रात्री निघून जाणे हा या निग्रहस्थानाचा भारतीय इतिहासातला सर्वांत खर्चिक दाखला असावा. दुसरे आहे 'मतानुज्ञा' : आपल्यावरचा दोष न खोडता तोच समोरच्यावर टाकणे, म्हणजे दोष मान्य केल्यासारखेच. गौतमाने ही यादी केली तेव्हा गृहनिर्माण सोसायट्या नव्हत्या, हे यादी वाचताना खरे वाटत नाही. वार्षिक सभेत कोणी विचारतो, "लिफ्ट तीन आठवडे बंद का आहे?" अध्यक्ष म्हणतात, "मागच्या कमिटीच्या वेळी नव्हती का बंद?" मतानुज्ञा. मागच्या कमिटीतले एकजण उठून पाण्याच्या टाकीचा विषय काढतात. अर्थांतर. खजिनदारांना हिशेब विचारला की ते तोच आकडा तिसऱ्यांदा वाचतात. पुनरुक्त. आणि चहा यायच्या सुमारास मागच्या रांगेतून दोघेतिघे दूधवाल्याचे निमित्त करून सटकतात, तो विक्षेप. दोन तासांत अर्धे न्यायसूत्र होते. लिफ्ट बंदच असते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने प्रश्नोत्तरांचा आपला एक साचा घडवला आहे आणि प्रश्नशास्त्राला मराठीने दिलेली ती मोठी देणगी मानायला हवी. तारांकित असो वा अतारांकित, लेखी प्रश्न आधी एखादी गोष्ट मांडतो आणि विचारतो, "हे खरे आहे काय?" तर्कशास्त्राने दारातून परत पाठवलेला प्रश्न इथे खऱ्याखोट्याचे माप गळ्यात बांधूनच आत येतो. मग उपप्रश्न : असल्यास, चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? एकेका 'असल्यास'ला पुढचा 'असल्यास' अडकवलेला असतो. उत्तरही तितकेच शिस्तीचे. पहिल्यापुढे "हे खरे नाही" आणि उरलेल्या सगळ्यांपुढे मिळून "प्रश्न उद्भवत नाही". साक्षात प्रश्न छापलेला आहे, विचारणाऱ्या सदस्याचे नाव आहे, क्रमांक आहे, आणि तो उद्भवत नाही. गंमत अशी की, तर्काच्या दृष्टीने हे उत्तर चोख आहे. पहिले गृहीतच ढासळले तर त्यावर रचलेले पुढचे प्रश्न उभे राहणार कशावर? "सिगारेट सोडलीत का, हो की नाही?" या प्रश्नाला आयुष्यात सिगारेट न ओढलेल्या माणसाने द्यायचे उत्तर नेमके हेच आहे. घरी कोणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.

माहितीचा अधिकार २००५ साली आला तेव्हा सामान्य माणसाच्या हातीही लेखी प्रश्न आला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. लोकांनी हौसेने "का?" विचारायला घेतले. रस्ता का खोदला? परवानगी का दिली? २००८ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्यातील 'माहिती'मध्ये 'का'चे उत्तर बसत नाही. कारण देणे, समर्थन करणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम नव्हे. तेव्हापासून जाणते अर्जदार 'का' टाळतात आणि 'साक्षांकित प्रत मिळावी' असे लिहितात. प्रत हातात आली की 'का' आपोआप दिसू लागतो, असा त्यांचा अनुभव.

तळेगावात असे प्रश्न विचारणाऱ्यांत सतीश शेट्टी होते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी तळेगावातच त्यांचा खून झाला. प्रश्नांचे प्रकार सांगणाऱ्या पुस्तकांत या प्रकाराला नाव नाही.

प्रश्नाची जात त्याच्या शेपटावरच्या चिन्हावरून ओळखू नये, त्याला उत्तर कसे द्यायला लागते त्यावरून ओळखावी, असे म्हणणाऱ्या परंपरेची माणसेही याच मावळात राहून गेली. लोकल मळवलीला थांबते. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले, पवनेच्या खोऱ्याकडे बेडसे. दोन हजार वर्षांपूर्वी या लेण्यांत बौद्ध भिक्खू राहत होते. बौद्धांच्या अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार दिले आहेत. पहिला, ज्याला सरळ उत्तर द्यावे. दुसरा, ज्याचे तुकडे पाडून उत्तर द्यावे. तिसरा, ज्याला आधी उलट प्रश्न करावा. आणि चौथा, जो बाजूला ठेवून द्यावा. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात चारही प्रकारांची उदाहरणे आहेत. सगळे मरणार का? हो, सरळ उत्तर. मेलेले सगळे पुन्हा जन्मणार का? क्लेश उरलेले जन्मणार, न उरलेले नाही, तुकडे पाडले. माणूस श्रेष्ठ की कनिष्ठ? कोणाच्या तुलनेत विचारता, देवांच्या की पशूंच्या? तिसरा प्रकार. "गावात की स्टेशनला?" विचारणाऱ्याला हाच इलाज लागू पडावा.

मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याने अंगुत्तर निकाय वाचला असण्याची शक्यता कमी आहे. तरी "हे खरे आहे" म्हणजे पहिला प्रकार, "हे अंशतः खरे आहे" म्हणजे दुसरा आणि "प्रश्न उद्भवत नाही" हा चौथ्याचा जवळचा नातलग. तिसरा प्रकार शासनाने जनतेसाठी राखून ठेवला आहे. खिडकीवर जाऊन काहीही विचारावे, उत्तर येते, "आधार आणलंय का?"

चौथ्या प्रकारावर मात्र जुना तंटा आहे. जग शाश्वत की अशाश्वत, असे प्रश्न आले की बुद्ध उत्तर देत नसे आणि बौद्धांच्या मते ते न देणे हेच योग्य उत्तर. न्यायवाले हे चालू देत नाहीत. प्रतिपक्षाला उत्तर सुचले नाही की ते 'अप्रतिभा' म्हणतात आणि हरल्याची नोंद करतात. गप्प बसलेला माणूस शहाणा की हरलेला, याचा निकाल या दोन शाळांमध्ये लागलेला नाही.

संध्याकाळी पुण्याहून परतणाऱ्या लोकलच्या महिलांच्या डब्यात तो निकाल रोज नव्याने लावायचा प्रयत्न होतो. चिंचवड सुटले की कोणीतरी एखाद्या मावशींना विचारते, "मुलाचं जमलं का कुठं?" मावशी मुरलेल्या असतात. आधी तिसरा प्रकार : "का, तुमच्या पाहण्यात आहे का कोणी?" समोरच्या ताई हटत नाहीत. मग दुसरा : "तसं बघायचं तर बघतोय, पण तो नोकरी बदलतोय, ते झालं की मग." ताई वय विचारतात. वय ही एकच गोष्ट सरळ उत्तर देण्याजोगी असते, म्हणून मावशी ती सांगतात, आणि तिथेच चुकतात. "अगंबाई, एवढा? मग काही मनात आहे का त्याच्या?" मावशी पर्समधले तिकीट शोधू लागतात. पास असतो तरी तिकीट शोधतात. देहू रोड जाते, बेगडेवाडी जाते. भाज्याच्या भिक्खूंनी याला उत्तर म्हटले असते; गौतमाने वहीत एक रेघ ओढली असती. ताई दोन्हीपैकी कोणत्याच शाळेच्या नसतात.

"बरं, ते राहू दे," घोरवाडी आल्यावर त्या म्हणतात, "धाकटीचं काय?"